वरची कवळी आणि चार मतं

निजामपुरा, बडोदे
बुधवार, दुपारचा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप गोविंदराव यांच्या सेवेशी,

विमल जाधवचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त लेखी समजावा. गुडघे वाकत नाहीत, आणि एकदा खाली गेले तर मला उठवायची परवानगी सध्या तुमच्या बहिणीला नाही.)

तुमची प्रकृती उत्तम असेल, इंदूरची थंडी ओसरली असेल आणि सकाळचं फिरणं नियमित चालू असेल, असं धरून चालते. इकडे आम्ही दोघी खुशाल आहोत. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा रक्तदाब जागेवर राहील. मंदाचं पित्ताशय काढलं, टाके सुकले, आणि काल तिने मला आमटीत मीठ कमी आहे म्हणून सुनावलं. डॉक्टर याला सुधारणा म्हणतात.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही "हं" एवढंच म्हणता, आणि त्या एका हंचे अर्थ लावण्यात आमची दोघींची संध्याकाळ जाते. शिवाय त्या दिवशी रुग्णालयातून तुम्हाला जो फोन आला, तो तुम्ही मोजकं बोलून ठेवून दिलात. तुमच्या त्या बोलण्याने इकडे काय झालं, हे तुम्हाला ठाऊक नाही. ते कळवणं माझं काम आहे. आणि मला कुठलीही गोष्ट सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय सांगता येत नाही. (जन्मभर भूगोल शिकवला. आधी पृथ्वी थंड व्हावी लागते, मग बाजव्याची रिफायनरी येते.)

तर सुरुवात महापालिकेच्या निवडणुकीपासून. महिन्यातल्या एका रविवारी आमच्याकडे चार-सहा मंडळी नाश्त्याला जमतात, हे मंदाने तुम्हाला "भजनी मंडळ" म्हणून सांगितलेलं आहे. ते भजनी मंडळ नाही. ती आमच्यासारखी मंडळी आहेत. धवल आहे, औषधांच्या कंपनीत नोकरीला, ज्याच्या "रूममेट"शी त्याचं लग्न व्हावं असं आम्हा सगळ्यांना वाटतं आणि कायद्याला वाटत नाही. श्रद्धा आहे, जिला जन्माला आल्यावर सगळ्यांनी मुलगा म्हटलं आणि मोठी झाल्यावर तिने ती चूक दुरुस्त केली. तिचं बडोद्याजवळच्या पादरा गावात ब्यूटी पार्लर आहे आणि ते उत्तम चालतं. या मंडळींत भजन कुणालाच येत नाही. सेव-उसळ मात्र सगळे आवाज काढून खातात.

त्या रविवारी विषय निघाला, मत कुणाला द्यायचं. आमच्याकडे एका वॉर्डातून चार नगरसेवक निवडायचे असतात, म्हणजे माणशी चार मतं. एका मताचा निर्णय होत नाही तिथे चार. धवल म्हणाला, येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला आपण एकच प्रश्न विचारू: आमच्यातलं कुणी दवाखान्यात पडलं, तर कुणाला आत सोडायचं आणि कुणाशी बोलायचं, हे दवाखान्याने ठरवायचं की जे पडलंय त्याने? प्रश्न त्याच्या डोक्यात आला तो श्रद्धामुळे. मागे तिला डेंग्यू झाला तेव्हा इथल्या एका मोठ्या रुग्णालयाने (नाव लिहीत नाही, पुढे तेच यायचं आहे) तिला पुरुषांच्या वॉर्डात ठेवायचं की बायकांच्या, यावर संध्याकाळपर्यंत विचार केला. विचार होईपर्यंत ती लिफ्टजवळच्या बाकावर होती, आणि सलाइनची बाटली खिडकीच्या गजाला टांगलेली होती. हे ती हसून सांगते. ती सांगते तेव्हा आपणही हसतो, आणि मग बशीतली उसळ गिळत नाही.

यावर धवल म्हणाला की श्रद्धाचं मत पादऱ्याला आहे, तेव्हा तिला इथल्या उमेदवारांत बोलायचं कारण नाही. श्रद्धा म्हणाली, "मत पादऱ्याला देते, आजारी बडोद्यातच पडते." धवलने तिला आणखी उसळ वाढली. मग मंदा म्हणाली की तिला गटाराबद्दलही विचारायचं आहे, आणि कोपऱ्यावरच्या त्या फरशांबद्दलही, ज्यांवरून ती दोनदा घसरली. मी म्हटलं, अगं, आज मोठा प्रश्न चालला आहे. ती म्हणाली, "मी काय फक्त आजारीच पडते? मी रस्त्यावरून चालतेसुद्धा." तुमची बहीण रेल्वेच्या हिशेब खात्यातून निवृत्त झाली आहे, तिच्यापुढे बोलायची सोय नसते, हे तुम्हाला मी काय सांगावं.

पहिले आले डॉक्टर उन्मेष, हाडांचे डॉक्टर. (कुणाचाच पक्ष लिहीत नाही. तुमच्या आवडीचा निघाला नाही, तर तुम्ही पत्र इथेच मिटाल.) फार सुरेख बोलले. समावेशक, सन्मान, संवेदनशीलता, सगळे स असलेले शब्द ओळीने आले. छातीवर इंद्रधनुष्याची टिकली होती, ती आमच्या फाटकाशी आल्यावर लावली असं धवलचं म्हणणं. प्रश्न ऐकून म्हणाले, अर्थातच जे पडलंय त्याने ठरवायचं. मी विचारलं, तुम्ही दर आठवड्याला ज्या रुग्णालयात जाता तिथे असं आहे का? ते म्हणाले, बघून सांगतो. त्यांच्या मदतनिसाने जाताना हळूच विचारलं, तुमच्यासारखे वॉर्डात एकंदर किती? मी म्हटलं, मोजता आले असते तर विचारायची वेळच आली नसती.

दुसरे आले हंबीरराव. हे तालमीतले, मिशी शिल्लक आहे, बाकीचा पैलवान पोटाकडे सरकला आहे. मागच्या खेपेलाही तेच होते, आणि त्या घसरड्या फरशा त्यांनीच बसवलेल्या. ते आले तेच अख्खी गल्ली भरून: उघडी जीप, झेंडे, ढोल, मागे दोन टेम्पो, आणि कर्ण्यावर रेकॉर्ड केलेलं "सुखमां साथे, दुःखमां साथे, हंबीरराव". मंदाच्या पोटात सकाळपासून दुखत होतं. तिने ते माझ्यापासून लपवलं होतं, कारण आदल्या संध्याकाळी तिने माझ्यापासून लपवून भजी खाल्ली होती. मला काहीच माहीत नव्हतं. मी आपली उंबऱ्यात उभी राहून प्रश्न विचारत होते.

हंबीररावांना वाटलं की अँब्युलन्सची तक्रार आहे. म्हणाले, कधीही फोन करा. मी म्हटलं तसं नाही, आमच्यासारख्या बाया. ते म्हणाले, एकट्या बाया ना, आम्ही आहोत की. मंदा आतून म्हणाली, आम्ही एकट्या नाही, दोघी आहोत. ते म्हणाले, "तेच म्हणतोय ताई, दोघी एकट्या." यावर मंदा काहीतरी खरमरीत बोलणार म्हणून मी मागे वळले, तर ती दाराला धरून खाली बसत होती. चेहरा पिठासारखा. गोविंदराव, मी तिला इतकी वर्षं पाहते आहे, पण ती वाद अर्धा सोडून खाली बसलेली मी कधी पाहिली नव्हती. 

एकशेआठला फोन केला. अँब्युलन्स आली, तीही लगेच. पण गल्लीच्या तोंडाशीच अडली, कारण गल्लीत हंबीरराव होते. टेम्पो मागे घ्यायचा तर दुसऱ्या टेम्पोचा ड्रायव्हर चहाला गेलेला. तेव्हा हंबीररावांनी स्वतः मंदाला उचललं (तालीम शेवटी कामी येते) आणि आपल्या जीपमध्ये झेंडूच्या माळांत ठेवलं. मी शेजारी चढले. जीप निघाली, आणि मग लक्षात आलं की कर्णा बंद कसा करायचा हे ज्याला ठाऊक होतं तो पोऱ्या मागे राहिला. सबंध रस्ताभर, फतेगंजच्या पुलाखालून रुग्णालयापर्यंत, आम्ही "सुखमां साथे, दुःखमां साथे" करत गेलो. दुकानांतून लोक बाहेर येऊन हात जोडत होते. आणि तुमची बहीण, कळा सोसत, डोळे अर्धे मिटलेले, सवयीने प्रत्येकाला उलट नमस्कार करत होती. नंतर धवलने सांगितलं की निजामपुऱ्यात बातमी पसरली होती, हंबीररावांनी नवीन महिला उमेदवार उभ्या केल्या, फार थकलेल्या दिसतात पण नम्र आहेत.

आता रुग्णालय. तातडीच्या विभागात नर्सने मंदाचा चष्मा, बांगड्या आणि वरची कवळी काढून माझ्या हातात दिली. कवळी मी रुमालात बांधली. सोनोग्राफी झाली. पित्ताशय सुजलंय, खडे आहेत, आजच काढायला हवं, असं सांगून डॉक्टर आत गेले आणि मला काउंटरवर पाठवलं. काउंटरवर एक बाई होत्या. वाईट नव्हत्या हो. थकलेल्या होत्या. त्यांनी विचारलं, "पेशंट तमारां शुं थाय?" म्हणजे, या तुमच्या कोण लागतात.

इथे थोडं थांबून सांगायला हवं. बडोद्यात बाई म्हणजे बेन. भाजीवाला बेन म्हणतो, पोस्टमन बेन म्हणतो, रिक्षावाला आपल्या अंगावर रिक्षा घालतानासुद्धा बेन म्हणतो. आम्ही दोघी एका घरात राहायला लागलो तेव्हा सोसायटीने विमलबेन-मंदाबेन म्हटलं, आणि त्या दोन अक्षरांत आमचा प्रश्न परस्पर सुटला. कुणी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. तुम्हीही विचारलं नाहीत. बडोद्याला आलात की स्टेशनजवळच्या लॉजवर उतरता आणि मंदाला तिथे भेटायला बोलावता. (मी त्याचा राग धरला नाही. माझ्या स्वयंपाकाची कीर्ती इंदूरपर्यंत गेली असेल, अशी समजूत करून घेतली.)

तर काउंटरवरच्या प्रश्नाला मी उत्तर जुळवत होते. मागून हंबीरराव गरजले, "बन्ने मारी बेनो छे." दोघी माझ्या बहिणी. बाईंनी बहीण असं लिहून घेतलं, मला हायसं वाटलं, आणि तेवढ्यात त्यांनी आमची आधार कार्डं पाहिली. "तो अटक केम जुदी?" म्हणजे, मग अटक वेगळी कशी; गुजरातीत अटक म्हणजे आडनाव. एक सबनीस, एक जाधव, तिसरे हंबीरराव, आणि तिघंही सख्खी. माझ्या पोटात मात्र अटकेचा मराठी अर्थ शिरला. हंबीरराव म्हणाले, मानलेली बहीण. मी मान डोलावली. त्या क्षणी कुणी मला मंदाची पणजी म्हटलं असतं तरी मी मान डोलावली असती. दार उघडावं, एवढंच हवं होतं.

आणि मागे स्ट्रेचरवरून मंदा बोलली. कवळी नव्हती, त्यामुळे शब्द सुटे सुटे येत होते, पण मोठ्याने आले. "थांबा. ती माझी बहीण नाही."

काउंटरच्या बाईंनी विचारलं, मग कोण?

"माझं माणूस आहे," मंदा म्हणाली.

मराठीतच म्हणाली. गुजराती तिला माझ्यापेक्षा चांगली येते, तरी मराठीत म्हणाली. समोर हंबीररावांचे दहा-बारा कार्यकर्ते, गळ्यात पक्षाच्या पट्ट्या, त्यांतले निम्मे मराठी.  एकाने मोबाइल वर काढला, हंबीररावांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं, त्याने खाली घातला. मला आधी मंदाचा भयंकर राग आला. इतकी वर्षं जपलं ते आजच मोडायचं होतं का, पोटात खडे अडकलेले असताना? मग ती माझ्याकडे बघतेय असं दिसलं. चष्मा नव्हता, तिला मी नुसती धूसर दिसत असणार, तरी बघत होती. आणि राग कुठे गेला कळलं नाही. मी जवळ जाऊन तिचा हात धरला. सगळ्यांसमोर मी तो पहिल्यांदाच धरला.

काउंटरच्या बाई म्हणाल्या की माणूस असं काही लिहिता येत नाही, रक्ताचं कुणीतरी हवं. आणि मंदाकडून तुमचा नंबर घेऊन त्यांनी तुम्हाला फोन लावला. स्पीकरवर. तुमचं बोलणं तुम्हाला आठवतच असेल, पण ते आमच्या बाजूने कसं ऐकू आलं ते सांगते. त्यांनी हिंदीत विचारलं, आपको बहनें कितनी? तुम्ही म्हणालात, एक. त्यांनी विचारलं, तो फिर ये विमलबेन कौन? मग तुमच्याकडून काहीच आलं नाही. मी काचेवरची "शांतता राखा" ही सूचना वाचत होते. गुजरातीत, हिंदीत, मग इंग्रजीत, मग पुन्हा गुजरातीत. मला वाटलं, आता हं येणार.

तुम्ही म्हणालात, "उसको कौनसी दवाई नहीं चलती, मेरे को नहीं मालूम. विमल को मालूम है. उसी से पूछो." आणि फोन ठेवलात.

गोविंदराव, तुम्ही फोन ठेवलात ते बरं केलंत. विचारायला मग मीच उरले. मी त्या बाईंना सांगितलं, सल्फा चालत नाही, अंगावर चकंदळं उठतात, पूर्वी एकदा जीव घाबरा झाला होता. हे रुग्णालयात तोवर कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही नात्यातच अडकलो होतो. बाईंनी ते लगेच आत कळवलं. पण सहीचं काय, म्हणाल्या, फोनवरचा भाऊ चालत नाही, समोर हवा.

तेव्हा हंबीरराव लोखंडी खुर्चीवरून उठले. मला म्हणाले, "मास्तरीणबाई, मघाशी घरी विचारत होता तो प्रश्न हाच होय?" मी हो म्हटलं. म्हणाले, "मग तसं सांगायचं. मी अँब्युलन्स समजलो." मग काउंटरवर दोन्ही हात ठेवून त्यांनी बाईंना गुजरातीत जे सांगितलं ते असं: हे दोघींचं मला कळत नाही, आणि मतमोजणीपर्यंत कळून घ्यायला वेळही नाही. पण एक सांगतो. माणूस आपले दात वाटेल त्याच्या हातात देत नाही. यांची कवळी जिच्या रुमालात आहे, तिच्याशी बोला.

बाईंनी माझ्या रुमालाकडे पाहिलं. मीही पाहिलं. तेवढ्यात भूल देणाऱ्या डॉक्टर इरा बाहेर आल्या, अगदी तरुण मुलगी, केस टोपीत कोंबलेले. सल्फाचं कुणी सांगितलं, म्हणाल्या. मी हात वर केला, वर्गातल्यासारखा. त्या काउंटरच्या बाईंना म्हणाल्या, पेशंट शुद्धीत आहे, सही ती स्वतः करेल, अडलंय कुठे? मग मला म्हणाल्या, मी त्यांना झोपवल्यावर बाहेर मला बोलायला एक माणूस लागतं, ते तुम्हीच ना? एवढंच. मी तिला काय सांगू की या एवढंचसाठी आम्ही जीपमधून वाजतगाजत आलो होतो. हंबीररावांनी बाहेर जाऊन कर्ण्याची वायर कापवली आणि ते पुढच्या गल्लीच्या प्रचाराला गेले.

धवल आणि श्रद्धा धावत आले. श्रद्धाने थेपले आणले होते. लिफ्टजवळचा बाक रिकामा होता, धवल म्हणाला बस, ती बसली नाही. ऑपरेशन संपेपर्यंत उभीच राहिली, मला पाणी देत, आणि अधूनमधून त्या बाकाकडे जुन्या शेजाऱ्याकडे बघावं तसं बघत. मग इराडॉक्टर बाहेर आल्या, मास्क खाली केला, आणि सगळं नीट झालं असं म्हणाल्या. गोविंदराव, मी खाली बसले. खुर्ची होती की नाही हे न बघता बसले. होती. रडायला येईल असं वाटलं होतं, पण भूक लागली. तीन थेपले खाल्ले. (खडे बाटलीत घालून दिले आहेत. मंदा ते आल्या-गेल्याला दाखवते, बाळंतविडा दाखवावा तसे.)

दुसऱ्या दिवशी डॉक्टर उन्मेष आले, पुष्पगुच्छ आणि फोटोग्राफर घेऊन. खरंच वाईट वाटलं होतं त्यांना, हे मान्य करते. धवलने आदल्या दिवशी फोन केला तेव्हा ते व्यासपीठावर होते, मदतनिसाने निरोपच दिला नाही म्हणे. त्यांना मंदाबरोबर फोटो हवा होता, लोकांसमोर उदाहरण म्हणून. मंदा माझ्याकडे बघून म्हणाली, कवळी दे. कवळी पर्सच्या वरच्याच कप्प्यात होती. मी शोधते म्हटलं, आणि शोधत राहिले. फोटोग्राफर कंटाळला. शेवटी मंदा बोळक्या तोंडानेच डॉक्टरांना म्हणाली, "फोटो राहू दे. काउंटर बदला."

आणि त्यांनी बदललं हो. मतदानाच्या आधी काचेवर कागद लागला: रुग्णाने सांगितलेल्या व्यक्तीशी रुग्णालय बोलेल, आणि वॉर्ड रुग्णाला विचारून ठरेल. श्रद्धा मुद्दाम पादऱ्याहून येऊन तो वाचून गेली.

यावरून आमच्या घरात जे रण पेटलं ते सांगून पत्र संपवते. माझं म्हणणं, हंबीररावांना मत द्यायलाच हवं, त्यांनी वेळेला उचललं, चारचौघांत लाज धरली नाही. मंदाचं म्हणणं, त्यांनी तिला उचललं, उद्या श्रद्धाला कोण उचलणार? तिच्या गल्लीत हंबीरराव नसला तर? आणि सगळ्यांनाच कवळी नसते. कागद केला तो डॉक्टरांनी, मग मतासाठी का केला असेना. मी म्हटलं, तो माणूस फोटोसाठी आला होता. ती म्हणाली, आणि तो दुसरा कशासाठी आला होता, हळदीकुंकवाला? त्याच्या फरशांवरून मी दोनदा पडले आहे. दोन दिवस हे चाललं, आणि मग माझ्या ध्यानात आलं की मतं चार आहेत. दोघांनाही देता येतं. लोकशाहीने बडोद्याला चार मतं दिली ती आमच्यासारख्या घरांचा विचार करूनच दिली असावीत. उरलेल्या दोन मतांवरून मात्र आम्ही केंद्रापर्यंत भांडत गेलो. धवल गाडी चालवत होता, त्याने काचा वर केल्या. मतदान केंद्रावर शाई लावणाऱ्याने विचारलं, बन्ने बेनो साथे? आम्ही दोघी एकदमच हो म्हणालो, आणि मग मंदा हसायला लागली, आणि टाके दुखतात म्हणून पोट धरून हसत राहिली.

मतमोजणी परवा आहे. पत्र लांबलं, क्षमा असावी. घरातल्या थोरांना नमस्कार लिहायचा तर थोर तुम्हीच. लहानांना आशीर्वाद लिहायचे तर तुमच्या ओट्यावर येणाऱ्या मांजरीला सांगावेत.

तुमची,
विमल

ता. क. पत्र पेटीत टाकायचं राहिलं, तेवढ्यात निकाल लागला. हंबीरराव आले, डॉक्टर उन्मेष पडले. कागद काचेवर आहे का ते धवल जाऊन बघून आला. आहे. हंबीरराव पेढे घेऊन आले होते. मंदाने पेढा घेतला आणि फरशांचा अर्ज हातात दिला.

ता. क. २. आता पत्राचं खरं कारण. वर तुमची प्रकृती उत्तम असेल असं लिहिलं आहे, ती नाही हे मला माहीत आहे. तुमच्या लेकीचा, वसुंधराचा, कॅनडाहून फोन आला होता. (ती मला शाळेत असल्यापासून विमलआत्या म्हणते. तुमच्यासमोर म्हणत नाही, एवढंच.) हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख तुम्ही घेता आणि पुढे ढकलता, कारण बरोबर कुणी नाही आणि कुणाला त्रास नको. मला काही त्रास नाही. या कामाचा अनुभव ताजा आहे. तुम्ही नको म्हणालात तर मंदा निघेल, आणि तिला अजून पिशवीसुद्धा उचलायची नाही, तेव्हा स्टेशनवर तिचं सामान तुम्हालाच उचलावं लागेल, जे हर्नियाला बरं नाही.

ता. क. ३. मंदाला वाटतंय मी आभाराचं पत्र लिहितेय. माझं इंदूरचं तिकीट काढून झालं आहे. तारीख ठाऊक नसल्याने अंदाजाने पुढच्या मंगळवारचं काढलं. तुमच्या डॉक्टरांना तेवढं जुळवून घ्यायला सांगा.